गड घाटावर, वाडा बाजारात

नाशिक जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या आणि त्यावरचे किल्ले थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी जुन्या वाटा काढा. सुरतेहून बागलाणातून बऱ्हाणपूरकडे जाणारी एक. आग्र्याकडून खानदेश ओलांडून, चांदवडचा घाट चढून नाशिकला येणारी दुसरी. त्र्यंबकहून गोंदा घाटानं जव्हारकडे, कोकणात उतरणारी तिसरी. मनमाडजवळच्या खिंडीतून दौलताबादेकडे जाणारी चौथी. आता त्यावर किल्ले मांडा. पहिल्या वाटेवर साल्हेर-मुल्हेर, दुसरीवर सातमाळा रांगेतले धोडप, राजदेहेर, इंद्राई आणि चांदवड, तिसरीवर हरिहर आणि भास्करगड, चौथीवर अंकाई-टंकाई. जिल्ह्यात लहानमोठे साठाच्या घरात किल्ले आहेत असं सांगतात. एवढे का, हा प्रश्न नकाशाच सोडवतो. ज्याच्या हातात घाट, त्याच्या हातात जकात. आणि ज्याच्या हातात जकात, त्याच्या घरी कोरीव खांबांचा वाडा.

किल्ले बघणारे आणि वाडे बघणारे असे आपल्याकडे दोन वेगळे पंथ झाले आहेत, त्याचं मला वाईट वाटतं. पहाटे बूट घालून गडावर जाणारी तरुण मंडळी संध्याकाळी नाशिकच्या सराफ बाजारावरून घरी जातात, पण तिथल्या सरकारवाड्याकडे मान वळवून बघत नाहीत. जुन्या वाड्यांच्या नक्षीवर जीव टाकणारे रामशेज किल्ल्याच्या पायथ्याशीही गेलेले नसतात. वास्तविक ही एकाच राज्यकारभाराची दोन टोकं आहेत. युरोपातही असंच झालं. तोफांपुढे उंच भिंतींचे जुने किल्ले टिकेनात, तसे तिथले सरदार सतराव्या-अठराव्या शतकांत सपाटीवर येऊन बरोक शैलीचे प्रासाद बांधू लागले. आज ऑस्ट्रियात किंवा बोहेमियात जाणारा प्रवासी एकाच फेरीत किल्ला आणि प्रासाद दोन्ही बघतो. आपल्याकडे त्याच अठराव्या शतकात पेशवाईतले सरदार नाशिक, चांदवड, विंचूर, मालेगाव इथे स्थिरावले आणि त्यांनी आपल्या पद्धतीचं वैभव उभं केलं. त्यांचा संगमरवर म्हणजे सागवान. तेव्हा ही फेरी आपणही एकत्रच करावी.

सुरुवात बागलाणापासून, कारण तिथे राजधानीही डोंगरावरच होती. सटाणा, ताहाराबाद करत मुल्हेर गावात पोचलं की मुल्हेर, मोरा आणि हरगड हे त्रिकूट समोर उभं राहतं. इथे बागूल राजांचं राज्य होतं. स्वतःला राष्ट्रौढ म्हणवणाऱ्या या घराण्यावर रुद्रकवीनं १५९६ मध्ये ‘राष्ट्रौढवंश महाकाव्य’ हे संस्कृत काव्य रचलं. छोट्या डोंगरी राज्याला आपला कवी बाळगणं परवडत होतं, यातच सुरत-बऱ्हाणपूर मार्गाचा पैसा दिसतो. १६३८ मध्ये औरंगजेबाच्या फौजांनी मुल्हेर घेतला आणि ते राज्य संपलं. गडाच्या माचीवर चढून गेलात तर तळ्याकाठी कोरीव खांबांचं गणेशमंदिर आहे, सोमेश्वराचं देऊळ आहे आणि राजवाड्याची जोती झाडोऱ्यात पसरलेली आहेत. किल्ला म्हणजे नुसते बुरूज अशी समजूत असेल तर ती मुल्हेरला सोडून द्यावी. हे नांदतं गाव होतं. खालच्या मुल्हेर गावात उद्धव महाराजांची समाधी आहे आणि कोजागरीला तिथे रासक्रीडेचा उत्सव रात्रभर चालतो. गड ओस पडला, उत्सव गावानं सांभाळला.

मुल्हेरच्या पुढे साल्हेर. उंची १५६७ मीटर. महाराष्ट्रातला हा सर्वांत उंच किल्ला, आणि शिखरांत कळसूबाईच्या खालोखाल याचाच नंबर. माथ्यावर परशुरामाचं छोटं मंदिर आहे. परशुरामानं इथूनच बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकण वसवलं, अशी कथा बागलाणात सांगतात. स्वच्छ हवेत त्या माथ्यावर पश्चिमेला तोंड करून उभं राहिलं की ही कथा साल्हेरलाच का चिकटली असेल ते समजतं. खाली डांगचं जंगल उतरत जातं आणि नजर अडवायला काहीच उरत नाही. वाघांबे आणि साल्हेरवाडी अशा दोन्ही गावांकडून वाटा आहेत. वाघांब्याची वाट साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीतून जाते. कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागून एक येणारे दरवाजे, गुहांची रांग, मग गंगासागर तलाव, असा हा चढ आहे. भरपूर वेळ हाताशी ठेवून जावं. एका दिवसात साल्हेर-मुल्हेर दोन्ही उरकायचा हट्ट धरणाऱ्यांना दोन्ही नीट दिसत नाहीत.

साल्हेरचं मोठेपण उंचीपुरतं नाही. जानेवारी १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला. मग मोगलांनी वेढा घातला. फेब्रुवारी १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर दोन बाजूंनी चालून आले आणि गडाच्या पायथ्याला मोठी लढाई झाली. मराठी फौजा मोगलांना घाटात, जंगलात, रात्रीअपरात्री गाठून जिंकत आल्या होत्या. इथे मात्र समोरासमोर, मोकळ्या मैदानात त्यांनी मोगलांच्या मोठ्या फौजेचा पराभव केला. इखलासखान पाडाव झाला. आपल्या बाजूनं सूर्यराव काकडे पडले. मराठी सैन्याचा आत्मविश्वास कुठे घडला असं कुणी विचारलं तर मी साल्हेरवाडीच्या शेतांकडे बोट दाखवीन. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात रायगड, राजगड, शिवनेरी यांच्या पंक्तीला आपल्या जिल्ह्यातून साल्हेर बसला आहे. आनंदाची गोष्ट आहे. आता तिथे गर्दी वाढेल, आणि त्या गर्दीला पिण्याचं पाणी, शौचालय आणि कचऱ्याची सोय पायथ्यालाच मिळाली पाहिजे. ती माथ्यावर करायला जाऊ नये.

बागलाणातून दक्षिणेला निघालो की सातमाळा. अचला, अहिवंत, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, कांचना, धोडप, इंद्राई, चांदवड. नावं घेता घेता दम लागतो. या रांगेत कांचनबारीची खिंड आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटून महाराज परत येत होते, तेव्हा दाऊदखान त्यांना आडवा आला आणि १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीच्या या टापूत लढाई झाली. मोगलांना आडवं यायला हीच जागा का सापडली, तर बागलाण आणि नाशिक यांच्यामध्ये डोंगर ओलांडायला सोयीच्या जागा मोजक्याच. खजिना घेऊन चाललेल्या फौजेला खिंड टाळता येत नाही.

सातमाळ्यातला राजा म्हणजे धोडप. मुंबई-आग्रा रस्त्यावर वडाळीभोईच्या आसपास कुठूनही तो ओळखू येतो. मधे शाळुंकेसारखा सुळका आणि त्याला लागून सरळ उभी भिंत. ही भिंत माणसानं बांधलेली नाही. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून आपला सगळा दख्खन तयार झाला. त्या थरांना पडलेल्या उभ्या भेगांमधून नंतरचा लाव्हा वर आला आणि गोठला. आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला, हा कठीण पडदा मागे राहिला. भूगर्भशास्त्रात त्याला डाइक म्हणतात. हट्टी गावातून चढायला लागलं की माचीवर सोनारवाडी लागते, आणि दरवाजातला फारसी शिलालेख १६३६ च्या सुमारास मोगलांनी ही रांग घेतल्याची आठवण देतो. पुढे जून १७६८ मध्ये याच धोडपखाली माधवराव पेशव्यांनी रघुनाथरावांचा पराभव केला आणि काकांना पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. घरच्या भांडणाचा निकाल शेवटी घाटावर लागला.

याच रघुनाथरावांचा नाशिकशी संबंध जुना. गंगापूर रस्त्याला गोदावरीच्या काठी त्यांनी वाडा बांधला, आणि पत्नी आनंदीबाईंच्या नावावरून त्या जागेला आनंदवल्ली म्हणू लागले. आज तिथे वसाहती आहेत, नवश्या गणपतीला रांगा लागतात. वाड्याच्या खुणा मात्र शोधाव्या लागतात. धोडपावर पराभव झाला ती जागा जशीच्या तशी उभी आहे आणि संसार केला ती नाहीशी झाली.

नाशिक शहराच्या अगदी जवळचा किल्ला रामशेज. पेठ रस्त्यानं आशेवाडी गाठली की अर्ध्या-पाऊण तासात माथा. लहान मुलांना घेऊन पहिला किल्ला करायचा तर हाच करावा. दिसायला साधा डोंगर आहे, उंचीही बेताची. आणि याच डोंगरानं १६८२ पासून काही वर्षं औरंगजेबाच्या सरदारांना दाद दिली नाही. शहाबुद्दीनखानानं आधी वेढा घातला. गडावर तोफांची वानवा होती, तेव्हा मराठ्यांनी लाकडं पोखरून, त्यावर कातडी चढवून तोफा केल्या आणि त्यातून मारा केला, हे खुद्द मोगलांच्या बाजूच्या खाफीखानानं लिहून ठेवलं आहे. खानानं लाकडी दमदमा उभारला, तोही कामी आला नाही. त्याच्या जागी आलेल्या बहादूरखानानं शेवटी एका मांत्रिकाला सोन्याचा नाग करून दिला आणि तो मांत्रिक गडाच्या रोखानं निघाला. गडावरून सुटलेल्या गोळ्यानं नाग हातातून उडाला. ही हकीकतही खाफीखानाचीच. शत्रूच्या इतिहासकारानं इतक्या बारकाईनं लिहावं, अशी ती झुंज होती. रामशेजच्या माथ्यावर आज काही टाकी, एक भुयारी दरवाजा आणि देऊळ एवढंच आहे. पण ही गोष्ट माहीत असलेल्याला तेवढं पुरतं.

आता हरिहर. याचे फोटो गेल्या दहा वर्षांत इतके फिरले आहेत की महाराष्ट्राबाहेरूनही लोक येतात. निरगुडपाड्याहून जंगलातल्या धारेनं वर आलं की तो जिना समोर येतो. कातळाच्या उभ्या धारेत एकसंध कोरलेल्या पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना दरी. जरा जवळून बघा. प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडांना हाताच्या पकडीसाठी खोबणी कोरली आहे, पंजा आत जाईल इतपत. शेकडो वर्षांच्या हातांनी तिच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. चढताना पायांपेक्षा बोटांवर जास्त विश्वास ठेवावा लागतो. वर दरवाजा, त्याच्या पुढे कातळाच्या छताखालून वाकून जायची आडवी वाट, मग पुन्हा बोगद्यातून चढणाऱ्या पायऱ्या. वर चढणारा माणूस एका वेळी एकच, तोही दोन्ही हात अडकलेला. पहाऱ्यावर चार माणसं असली तरी पुरे. आणि हे सगळं कशासाठी, तर खालच्या गोंदा घाटातून जाणाऱ्या मालासाठी. माथ्यावर तळं, हनुमानाचं स्थान आणि खिडकीएवढ्या तोंडाचं दगडी कोठार आहे.

१८१८ मध्ये त्र्यंबकगड पडल्यावर आसपासचे सतरा किल्ले इंग्रजांच्या स्वाधीन झाले, त्यात हरिहरही होता. कॅप्टन ब्रिग्ज हा इंग्रज अधिकारी तेव्हा किल्ल्यांची पाहणी करत फिरला. हरिहरच्या पायऱ्या बघून तो थक्क झाला, तसं त्यानं लिहिलंही. त्या वर्षी आणि त्यानंतर इंग्रजांनी अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या, दरवाजे, टाकी सुरुंगानं उडवून दिली. हरिहरचा जिना वाचला. आज त्याला धोका गर्दीचा आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी चढणारे आणि उतरणारे त्या एकाच अरुंद जिन्यावर समोरासमोर येतात. वन विभागानं गर्दीवर बंधनं आणली की लोक चिडतात. मला ती बंधनं योग्य वाटतात. मधल्या वारी, कोरड्या दिवसांत, उजाडता जावं.

इथे बांधकामातलं एक शहाणपण सांगायला हवं. नाशिकच्या बहुतेक गडांवर तटाचा दगड आणि पाण्याचं टाकं ही जोडी असते. कातळात टाकं खोदायचं, निघालेला दगड घडवून तटाला, दरवाजाला, जोत्याला वापरायचा. पाणी आणि भिंत एकाच मजुरीत. एखाद्या गडावर किती शिबंदी राहत असेल याचा अंदाज घ्यायचा तर बुरूज मोजू नका, टाकी मोजा. अंकाईवर तर माथ्याला मोठं तळंच आहे, शेजारच्या टंकाईच्या पोटात जैन लेणी आहेत, आणि मनमाडहून दौंडकडे जाणारी रेल्वे आजही त्याच खिंडीजवळून जाते.

आता खाली उतरू. मालेगावचा भुईकोट म्हणजे गड आणि वाडा यांच्यातला सांधा. पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४० मध्ये मोसम नदीकाठी तो बांधायला घेतला. चौकोनी आखणी, दुहेरी तट, भोवती खंदक. डोंगराचा आधार नाही, सगळी भिस्त गवंड्यावर. मे-जून १८१८ मध्ये इंग्रजांनी वेढा दिला तेव्हा आतल्या अरब शिबंदीनं जवळजवळ महिनाभर दाद दिली नाही. शेवटी दारूकोठारावर गोळा पडून स्फोट झाला, तटाला खिंडार पडलं आणि किल्ला गेला. हेच नारोशंकर झाशीचे सुभेदार होते. तिथला किल्लाही त्यांनी वाढवला. नाशिककरांना मात्र ते आठवतात घंटेमुळे. पंचवटीत गोदाकाठी त्यांनी १७४७ मध्ये रामेश्वराचं देऊळ बांधलं. सगळे त्याला नारोशंकराचं देऊळ म्हणतात. त्याच्या दर्शनी भिंतीत उंचावर मोठी घंटा टांगलेली आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे. चिमाजीअप्पांच्या वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून आलेल्या घंटांपैकी ती एक मानली जाते. बरोक काळातल्या पोर्तुगीज चर्चसाठी ओतलेली घंटा शिवमंदिरावर, हे दृश्य जगात फार ठिकाणी बघायला मिळायचं नाही. गोदावरीला पूर आला की नाशिककर अजून विचारतात, पाणी घंटेपर्यंत गेलं का?

पलीकडच्या काठाला सराफ बाजारात सरकारवाडा आहे. पेशव्यांचा वाडा, आता राज्य संरक्षित स्मारक. खालचा भाग काळ्या दगडाचा, वर लाकूडकाम. पुराचं पाणी सराफ्यात शिरतं हे बांधणाऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून खाली दगड, पायऱ्या उंच आणि लाकूड वर. कुठल्याही जुन्या वाड्यातला एक खांब खालून वर बघत जा, सगळी विद्या कळेल. जमिनीला टेकलेला असतो तो दगडी तळखडा, म्हणजे ओल लाकडात चढत नाही. त्यावर सुरूच्या झाडासारखा वर निमुळता होत गेलेला सागवानी खांब. डोक्याशी दोन्ही बाजूंना हात पसरून भार घेणारे लाकडी हस्त, त्यांच्या टोकाला खाली लोंबणारं केळफूल. हस्तांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाटांचं तक्तपोशी छत. दोन खांबांमध्ये महिरप, ती शोभेची. भार तिच्यावर नसतो. भूकंप झाला, जमीन खचली, तर हे सगळं सांगाड्यासारखं थोडं हलतं आणि पुन्हा बसतं. या कामाला मारतात ती वाळवी आणि फुटलेल्या कौलातून महिनोन् महिने पडणारी एकेका थेंबाची गळती.

चांदवडचा रंगमहाल ही या सगळ्या फेरीतली माझी सर्वांत आवडती जागा. होळकरांचा वाडा, अहिल्याबाईंच्या नावाशी जोडलेला. आग्रा रस्त्यावर, घाटाच्या तोंडाशी, वर चांदवडचा किल्ला आणि जवळ रेणुकामातेचं मंदिर. बाहेरून तटाबुरुजांची गढी वाटते. आत गेलं की दरबाराचा दिवाणखाना, कोरीव खांबांच्या ओळी आणि भिंतींवरची रंगीत चित्रं. इथे टांकसाळ होती, चांदवडी रुपया दूरवर चालत असे. किल्ला, घाट, टांकसाळ, महाल आणि देवस्थान, सगळं हाकेच्या अंतरात. सुरुवातीला नकाशावर मांडलेलं गणित चांदवडला एका नजरेत सुटतं. दुरुस्तीच्या कामामुळे काही भाग कधी बंद असतो, म्हणून आधी चौकशी करून निघावं.

विंचूरला विंचूरकरांचा वाडा, येवल्याच्या पेठेतले पैठणीवाल्यांचे वाडे, नाशिकच्या जुन्या गावठाणातल्या गल्ल्या, हे राहिलंच. या वाड्यांची अवस्था गडांपेक्षा वाईट आहे. गडांना निदान शनिवार-रविवारी टाकी उपसायला, पायऱ्या मोकळ्या करायला तरुणांचे गट येतात. वाड्याला कुणी येत नाही. वारसांची संख्या वाढलेली, भाडेकरू पिढ्यान् पिढ्यांचे, भाडं नाममात्र, दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा यावर एकमत नाही. जूनमध्ये महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या नोटिसा लागतात, ऑगस्टमध्ये एखादी भिंत कोसळते, दिवाळीनंतर तिथे फ्लॅटची जाहिरात लागते. जुने सुतार होते तेव्हा कडी बदलून मिळायची. आता कडी मोडली की अख्खा वाडा मोडीत निघतो आणि केळफुलं जुन्या लाकडाच्या वखारीत वजनावर विकली जातात.

प्रत्येक वाडा वाचवा असं म्हणणं सोपं आहे. त्यात राहणाऱ्यांना पावसात झोप लागत नाही, हेही खरं आहे. म्हणून वाचकांना विनंती एवढीच. सिंहस्थाच्या निमित्तानं जुन्या नाशिकमध्ये आणखी रस्ते रुंद होतील, आणखी वाडे जातील. तुमच्या घरचा, आजोळचा, शेजारचा वाडा पाडायचा ठरला असेल, तर त्याआधी एक दिवस काढा. टेप घेऊन चौक, सोपा, माजघर मोजा आणि कागदावर आखणी उतरवा. खांब, तुळया, दरवाजे, भिंतीवरची चित्रं यांचे उजेडात फोटो घ्या. कुठे कोण राहत होतं, बळद कुठे होतं, पुराचं पाणी कुठवर आलं होतं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करा. एक प्रत घरी ठेवा, एक जवळच्या वाचनालयाला किंवा वास्तुकला महाविद्यालयाला द्या. आणि या हिवाळ्यात हरिहरला जाणार असाल, तर परतीच्या वाटेवर सरकारवाड्याला तासभर ठेवा.